भित्र्या कुत्र्यासाठी भाड्याचं शेत

इंग्लंडच्या ग्रामीण भागात गेल्या काही वर्षांत शेतांच्या फाटकांवर एक नवी पाटी दिसू लागली आहे: शेत कुत्र्यांसाठी तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळेल. आत पाहण्यासारखं फारसं काही नसतं. एक-दोन एकरांचं गवत, भोवती हरणं अडवायला वापरतात तसल्या जाळीचं ६ फुटी कुंपण. जाळीची खालची कड मातीत गाडलेली, किंवा आतल्या बाजूने जमिनीवर अंथरून खुंट्यांनी पक्की केलेली, म्हणजे उकरून बाहेर पडायची सोय राहू नये. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन फाटकं. पहिल्याची कडी लागल्याची खात्री झाल्यावरच दुसरं उघडायचं. रखवालदार नसतो. फोनवरून वेळ ठरवायची, पैसे भरायचे, की कुलुपाचा आकडा मेसेजने येतो. तासाला साधारण १० ते १५ पौंड पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी हा तास ५० मिनिटांचाच असतो. उरलेली १० मिनिटं शेत रिकामं ठेवतात, कारण बाहेर पडणारा कुत्रा आणि आत येणारा कुत्रा गाड्या लावायच्या जागेत समोरासमोर येऊ नयेत. सगळ्या धंद्याचं मर्म या रिकाम्या १० मिनिटांत आहे. गवत इंग्लंडमध्ये जागोजागी फुकट आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते पुढचा तासभर इथे दुसरं कोणी उगवणार नाही या हमीचे.

ही हमी विकली जाऊ लागली त्याला ब्रिटनची काही खास कारणं आहेत. तिथल्या पायवाटा शेतांमधून जातात, शेतांत मेंढ्या असतात, आणि कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर मालकावर १९५३ च्या कायद्याखाली खटला होतो. ठराविक परिस्थितीत अशा कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला १९७१ चा कायदा संरक्षण देतो. धोकादायक कुत्र्यांविषयीचा १९९१ चा कायदा तर प्रत्यक्ष चाव्याची वाटही पाहत नाही. ताब्याबाहेर गेलेला कुत्रा आपल्याला इजा करील अशी रास्त भीती कुणाला वाटली तरी तो लागू होऊ शकतो. शिवाय करोनाकाळात घरी बसलेल्या लोकांनी भरमसाट पिल्लं घेतली. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने या पिल्लांचा अभ्यास केला, तेव्हा आधीच्या वर्षीच्या पिल्लांपेक्षा ती प्रशिक्षणाच्या वर्गांना कमी गेली होती आणि घरी येणारी-जाणारी माणसंही त्यांनी कमी पाहिली होती, असं दिसलं. पिल्लं मोठी झाली, रस्त्यावर आली आणि भुंकू लागली. दुसरीकडे शेतकऱ्यांना जोडधंदा हवाच होता. अर्थात शेतजमिनीचा असा कायमचा वापर करायचा तर तिथे नियोजन खात्याची परवानगी लागते, आणि कुंपण घातलं म्हणजे आतली जागा कायद्याच्या नजरेत खासगी झाली असंही नाही: पैसे देऊन लोकांना प्रवेश मिळत असेल तर ती जागा १९९१ च्या कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठरू शकते. एक्सएल बुली जातीच्या कुत्र्यांना इंग्लंडमध्ये सार्वजनिक जागी मुसकं आणि पट्टा सक्तीचा झाल्यापासून हा बारकावा अनेकांना महागात पडण्याजोगा झाला आहे. अमेरिकेत हीच कल्पना शेतांऐवजी घरांच्या परसात रुजली. २०१८ साली सुरू झालेल्या स्निफस्पॉट या सेवेतून लोक आपलं कुंपण घातलेलं अंगण दुसऱ्यांच्या कुत्र्यांना तासावर देतात.

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालतो तो कुत्रा बहुतेक वेळा घरात अत्यंत लाडका आणि गरीब असतो. ट्रेनर त्याला 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. आपल्याकडच्या शहरांतही हा शब्द आता रुळला आहे. रस्त्यात दुसरा कुत्रा, अनोळखी माणूस, सायकल, धावणारं मूल यांपैकी काही दिसलं की तो परिस्थितीच्या मानाने कितीतरी जास्त उसळतो: पट्टा ताणून मागच्या पायांवर उभा राहतो, भुंकून भुंकून घसा बसवून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, काय आक्रमक जनावर आहे. पण त्या उसळीच्या आधीचे काही सेकंद जवळून पाहिले तर चित्र बदलतं. तोंड मिटतं, श्वास क्षणभर थांबतो. अंगाचा भार मागच्या पायांवर जातो, जीभ पटकन नाकाला लागून आत जाते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, पाठीवरचे केस उभे राहतात. यातली बरीचशी चिन्हं भीतीची आहेत. काही कुत्र्यांत कारण उलटं असतं; त्यांना समोरच्याकडे धाव घ्यायची असते आणि पट्टा जाऊ देत नाही म्हणून त्यांची चिडचिड होते. दोन्हींचा आवाज सारखाच येतो. असे कुत्रे अपवादही नाहीत. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी फिनलंडमधल्या सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावली दिली होती. आवाजाला घाबरणारे कुत्रे ३२ टक्के निघाले, इतर कुत्र्यांना घाबरणारे १७ टक्के आणि अनोळखी माणसांना घाबरणारे १५ टक्के. त्याच देशातल्या आणखी एका पाहणीत शहरी कुत्रे खेड्यातल्यांपेक्षा अधिक भित्रे आढळले, आणि ज्यांना व्यायाम व कामकाज कमी तेही अधिक भित्रे आढळले. इथे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे मात्र प्रश्नावलीतून कळत नाही. कुत्रा बाहेर जात नाही म्हणून भितो, की भितो म्हणून मालक त्याला बाहेर नेणं टाळतो? बहुधा दोन्ही, आणि तेच एकमेकांना वाढवत जातं.

या चक्रात पट्ट्याची भूमिका मोठी आहे. घाबरलेल्या जनावरापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: पळणं, गोठून उभं राहणं, किंवा समोरच्याला घाबरवून घालवणं. पट्टा पहिली वाट बंद करतो. मोकळे कुत्रे एकमेकांकडे सहसा सरळ रेषेत जात नाहीत; वळसा घालतात, मध्येच जमीन हुंगतात, बाजूने येतात. अरुंद फुटपाथवर पट्ट्याला बांधलेल्या दोन कुत्र्यांना आपण नेमकं समोरासमोर आणतो, वर घाबरून पट्टा आखूड धरतो. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात फिरायला आलेल्या कुत्र्यांच्या भेटींचं निरीक्षण करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पट्ट्यावरच्या कुत्र्यांमध्ये धमकावण्याचं वर्तन मोकळ्या कुत्र्यांच्या सुमारे दुप्पट दिसलं. यावर रास्त आक्षेप असा की भांडकुदळ कुत्र्यांनाच मालक पट्ट्यावर ठेवतात, तेव्हा दोष पट्ट्याचा कशावरून? आक्षेप खरा आहे आणि त्या आकड्याने तो सुटत नाही. पण पट्ट्याचं दुसरं नुकसान समजायला आकड्यांची गरज नाही. समोरून कुत्रा येतो, आपला भुंकतो, समोरचा आपल्या वाटेने निघून जातो. तो तसाही जाणारच होता. पण आपल्या कुत्र्याच्या हिशेबी भुंकल्यामुळे संकट टळलं. दिवसातून दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत तीन-चार संकटं धरली, तर महिन्याला दोनशेच्या आसपास वेळा त्याला हाच धडा मिळतो, आणि प्रत्येक वेळी बक्षिसासकट. टपालवाल्यावर भुंकणारं कुत्रं वर्षानुवर्षं भुंकतं ते याच न्यायाने. तेव्हा भित्र्या कुत्र्याला रोज गर्दीच्या रस्त्यावरून फिरवणं हा निरुपद्रवी नेम राहत नाही. त्यात नको त्या वागण्याची रोज उजळणी होते.

मग कुंपणाने नेमकं काय साधतं? मोकळं धावायला मिळतं, हे उत्तर सगळे देतात आणि ते अपुरं आहे. मला महत्त्वाची वाटते ती अनपेक्षिततेची गैरहजेरी. नेदरलंड्समध्ये बीर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात कुत्र्यांना निरनिराळे त्रासदायक अनुभव देऊन त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. त्यातून निघालेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अचानक झालेला मोठा आवाज, वरून धपकन पडलेली पिशवी असे ज्यांचा अंदाज कुत्र्याला येऊच शकत नव्हता, त्या प्रसंगांत कॉर्टिसोल वाढण्याकडे कल दिसला. प्रयोग करणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहून जे करत होता, त्याने कुत्रे अस्वस्थ झाले, पण कॉर्टिसोल तसं चढलं नाही. रस्त्यावरचं संकट पहिल्या जातीचं असतं. वळणाआडून येणारं, लिफ्टचं दार उघडताच समोर उभं राहणारं. शेतात दूरवर नजर जाते, दोन फाटकांची कडी लागलेली असते, आणि पहिल्या काही फेऱ्यांत कशालाही तोंड द्यावं न लागल्याने कुत्र्याला हळूहळू जागेचा भरवसा येतो. ट्रेनरांच्या जगात एक ठाम विधान फिरतं की एकदा उसळल्यावर कुत्र्याच्या शरीरातलं कॉर्टिसोल उतरायला ७२ तास लागतात. याला आधार दिसत नाही; वरच्या प्रयोगांत ते साधारण तासाभरात पूर्ववत झालं होतं. पण तासाभरात पुन्हा दुसरा, मग तिसरा धक्का बसला तर? एकावर एक धक्के साचले की एरवी सोसता येणारी गोष्टही सोसवत नाही, हे अनुभवी मालकांचं निरीक्षण ७२ तासांच्या आकड्याशिवायही खरं असू शकतं. काही दिवस धक्क्यांविना जाणं म्हणूनच उपयोगाचं.

शेतात पोचलेल्या भित्र्या कुत्र्याकडे पाहिलं तर तो धावण्याआधी बराच वेळ कुंपणाच्या कडेकडेने हुंगत फिरताना दिसतो. मालकाला हे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. तासाचं भाडं भरलंय आणि हा एका खांबापाशी तीन मिनिटं उभा! खरं तर त्या खांबावर आधीच्या तासाला येऊन गेलेल्या कुत्र्याने मूत्राची खूण सोडलेली असते. तो नर की मादी, किती वेळापूर्वीचा, याची माहिती तिच्यात असते. ज्याला प्रत्यक्ष भेट पेलत नाही त्याला इथे भेटीविना ओळख मिळते, आणि ती हव्या त्या क्षणी सोडून जाता येते. हुंगण्याचा मनःस्थितीवर परिणाम होतो का, हे शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासलं. २० कुत्र्यांचे दोन गट केले. दोन आठवडे एका गटाने वासावरून खाऊ शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी चालण्याचा. आधी आणि नंतर एक चाचणी घेतली: एका ठरलेल्या जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी नेहमी रिकामा वाडगा, आणि मग वाडगा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. या संदिग्ध वाडग्याकडे हुंगणारा गट आधीपेक्षा लवकर जाऊ लागला, म्हणजे 'असेल काहीतरी' या बाजूला झुकला. पायाशी चालणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. २० कुत्रे म्हणजे फार नव्हेत आणि ते रिॲक्टिव्ह म्हणून निवडलेलेही नव्हते, तरी दिशा स्पष्ट आहे. कुत्रा दमला की शांत होतो या लोकप्रिय समजुतीला इथे छेद जातो. शेत मिळालं की पुष्कळ लोक प्लास्टिकच्या चमच्याने लांब चेंडू भिरकावत राहतात; कुत्रा पन्नास वेळा सुसाट धावतो, गर्रकन वळतो, ब्रेक लावतो. सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच, पण आधीच ताठर असलेल्या कुत्र्याला हा खेळ चेंडूमागे पिसाट करून घरी पाठवतो. धाप लागलेली असते आणि डोळे मात्र विस्फारलेलेच. अशा कुत्र्याला धावायचं तेव्हा धावू द्यावं, गवतात मूठभर खाऊ फेकून शोधायला लावावं, आणि बाकीचा वेळ त्याच्यामागून मुकाट्याने चालावं.

या सगळ्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप असा की हे पळपुटेपण आहे. ज्याची भीती वाटते त्यापासून दूर ठेवलं तर भीती जाणार कशी? मुलाला पाण्याची भीती वाटते म्हणून नदीच दाखवायची नाही, असं कुणी करतं का? आक्षेपाच्या बाजूने एक जुना प्रयोग उभा आहे, आणि योगायोग असा की तोही कुंपण घातलेल्या शेतातलाच. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी तो प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आत एकेक एकराच्या शेतात त्यांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्लं आईसह ठेवली. माणसाशी जवळपास संबंध येऊ दिला नाही. काही पिल्लं दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आठवडाभर बाहेर आणून माणसांत ठेवली आणि परत सोडली. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आतच राहू दिलं. ही शेवटची पिल्लं रानटी जनावरासारखी झाली. नंतर कितीही माणसाळवलं तरी पूर्ण सुधारली नाहीत. तेव्हा पिल्लाला पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत 'सुरक्षित' म्हणून एकट्याला कुंपणात वाढवणं हे भित्रा कुत्रा तयार करण्याचं खात्रीचं साधन आहे, आणि पिल्लू आणल्या आणल्या खासगी मैदान शोधणाऱ्यांना हे बजावून सांगायला हवं. पण मोठ्या झालेल्या, भीती आधीच मुरलेल्या कुत्र्याचं गणित निराळं आहे. तिथे प्रश्न नवी ओळख करून देण्याचा राहत नाही. बसलेली भीती उतरवण्याचा असतो. ती उतरवण्याची रीत १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर वापरून दाखवली: मूल आवडीचं खात असताना ससा आधी खूप लांब, मग दर वेळी थोडा जवळ. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वावर माणसांच्या भीतीवरची उपचारपद्धती मांडली. दोघांच्याही पद्धतीचा कणा म्हणजे अंतरावर, तीव्रतेवर उपचार करणाऱ्याचा ताबा. रस्त्यावर तो ताबा तुमच्याकडे नसतोच. समोरचा कुत्रा ५० मीटरवर थांबेल की ५ मीटरवर येईल, हे त्याचा मालक ठरवतो, आणि 'आमचा काही करत नाही हो' म्हणत तो बहुधा जवळच येतो.

म्हणून कुंपणातलं शेत ही उपचाराची जागा होऊ शकते. ती आपोआप उपचार होत नाही. निव्वळ मोकळं सोडून आणलेला कुत्रा शेतात सुखी होईल आणि रस्त्यावर तसाच भुंकत राहील. मार्क बाउटन यांनी उंदरांवर केलेल्या दीर्घ संशोधनातून हे स्वच्छ दिसलं आहे की एका जागी विझवलेली भीती जागा बदलली की पुन्हा डोकं वर काढते; जनावर भीती विसरत नाही, 'इथे धोका नाही' एवढं शिकतं, आणि ते शिकणं त्या जागेला चिकटलेलं असतं. चांगले ट्रेनर हे जाणून पायऱ्या करतात. आधी कुत्र्याला नुसतं शेत. मग शेताच्या पलीकडे, जाळीबाहेर, ओळखीचा एक शांत कुत्रा, इतक्या लांब की आपला कुत्रा त्याच्याकडे पाहून मान वळवू शकेल आणि हातातला खाऊ घेऊ शकेल. खाऊ तोंडात घेणं बंद झालं किंवा बोटं चावून ओरबाडून घेतला, की समजावं अंतर कमी पडलं. दिवसागणिक ते थोडं कमी होतं, कधी पुन्हा वाढवावं लागतं. त्यानंतर दुसरं शेत, मग शांत रस्ता, १० मीटरच्या लांब दोरीवर. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला न अडकवता छातीच्या हार्नेसला, कारण धावत सुटलेला कुत्रा दोरीच्या टोकाशी पोचला की मानेला हिसका बसतो. धाक दाखवून, काट्यांच्या पट्ट्याने किंवा विजेच्या झटक्याने हे लवकर साधतं असं सांगणारे आहेत. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धाकदपटशाच्या शाळांतले कुत्रे अधिक ताणलेले आढळले. आणि भीतीवर भीती हा उपाय मुळात विचित्रच आहे. काही कुत्रे शेवटच्या पायरीपर्यंत जातात, काही दुसऱ्या पायरीवरच थांबतात. थांबलेल्याला आयुष्यभर शेतातच न्यावं लागलं तर त्यात अपयश मानायचं कारण मला दिसत नाही.

श्रीमंतांचे चोचले, हा दुसरा आक्षेप. कुत्र्याला तासाला हजाराहून अधिक रुपये मोजून शेत घेऊन देणं अनेकांना अश्लील वाटेल, आणि माणसांच्या मुलांना मैदान नसलेल्या शहरात ही भावना चुकीची म्हणवत नाही. पण पर्याय काय, तेही पाहावं. भित्रा कुत्रा एक तर चार भिंतींत कोंडला जातो, नाही तर रस्त्यावर इतरांना त्रास देतो, किंवा एके दिवशी आश्रयगृहाच्या दारात सोडला जातो. त्याला तासभर बाजूला घेण्याने रस्त्यावरच्या माणसांचंही भलं होतं. पैशांचाच विचार असेल तर ते आधी पशुवैद्याकडे घालवावेत. वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यांमध्ये निदान एक तृतीयांश प्रकरणांत कुठेतरी दुखणं असतं, असा अंदाज डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. काही तज्ज्ञांच्या नोंदींत तो याहून बराच वर जातो. कंबर, गुडघा, कान, दात. दुखऱ्या कंबरेचा कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, यात त्याचं काय चुकलं? आणि चावण्याचा इतिहास असेल, तर कुंपण कितीही भक्कम असलं तरी गाडीपासून फाटकापर्यंत जाळीदार मुसकं हवं, त्याची सवय घरात खाऊ देत देत आधीच लावलेली.

हे सारं ब्रिटनचं झालं, जिथे रस्त्यावर मोकळा कुत्रा दिसला तर तो बहुतेक कुणाचा तरी हरवलेला असतो. आपल्याकडे मांडणीच उलटी आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री आहेत, आणि २०२३ चे जन्मनियंत्रण नियम सर्वसाधारणपणे नसबंदी व लसीकरण करून त्यांना पकडल्या जागीच परत सोडायला सांगतात. पुण्या-मुंबईत पाळीव कुत्रा सोसायटीच्या फाटकाबाहेर पडतो तो गल्लीतल्या टोळीच्या हद्दीत. ती मोकळी, हा बांधलेला. ती चार-पाच, हा एकटा. तिची ती रोजची जागा, हा दिवसातून दोनदा येणारा उपरा. ब्रनोच्या अभ्यासात निदान दोन्ही कुत्र्यांचे मालक आसपास होते. इथे अंतर राखण्याची विनंती कुणाला करणार? गल्लीतल्या कुत्र्यांचा यात दोष नाही; उलट त्यांच्यातले बरेच जण वळसा घालून, बाजूने येऊन अगदी सभ्यपणे चौकशी करतात, आणि भेदरलेला आपलाच आधी ओरडतो. रस्त्यावरून उचलून फ्लॅटमध्ये आणलेल्या मोठ्या देशी कुत्र्याची अवस्था तर अधिकच अवघड होते. ज्याला संकट दिसलं की शंभर मीटर दूर जायची मुभा होती, तो आता दीड मीटरच्या पट्ट्यावर लिफ्टमध्ये उभा असतो. म्हणजे निर्धास्त तासाची गरज इंग्लंडपेक्षा इथे जास्त आणि तशा जागा मात्र कमी. सार्वजनिक डॉग पार्क हे त्यावरचं उत्तर समजलं जातं. हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला असं उद्यान उघडलं, नंतर इतर शहरांतही झाली. खेळकर, मिळून-मिसळून राहणाऱ्या कुत्र्यांसाठी ती छान आहेत. रिॲक्टिव्ह कुत्र्याला मात्र तिथे नेणं म्हणजे ज्याची भीती त्याच्याच घोळक्यात कोंडणं. कुंपण आहे, पण ते संकटाला आत घेऊन उभं आहे. त्याच उद्यानाचे सकाळचे किंवा दुपारचे काही तास एका वेळी एकाच घराच्या कुत्र्याला नोंदणीने दिले, तर नवी जमीन न लागता अडचणीचा मोठा भाग सुटेल. आतल्या बाजूला एक जादा फाटक आणि एक नोंदवही, एवढाच खर्च.

तोवर लोक हाताशी आहे त्यात भागवतात, आणि त्यात काही गैर नाही, पाहून-सवरून केलं तर. सोसायटीचं जाळी लावलेलं बॅडमिंटन कोर्ट भल्या पहाटे अर्धा तास पुरेसं असतं. जागा लहान असली तरी चालते, अनपेक्षित कुणी येता कामा नये, एवढं महत्त्वाचं. त्यासाठी समितीची लेखी परवानगी, आधी कळवलेली वेळ आणि शी उचलण्याची पिशवी लागते. गच्चीवर मोकळं सोडण्याआधी कठड्याची उंची कुत्र्याच्या उडीशी ताडून पाहावी, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर स्लॅबला हाताची उलटी बाजू लावून चटका बसतो का ते बघावं. पावसाळ्यात शेतातल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, तेव्हा एकामागून एक कुत्रे येणाऱ्या कुठल्याही जागी लसीकरणाची चौकशी न करणाऱ्या मालकापासून लांब राहावं. शहराबाहेरची फार्महाऊसं आता कुत्र्यांसाठी दिवसभरावर मिळू लागली आहेत. तिथे गेल्यावर आधी एकट्याने, कुत्र्याला गाडीतच ठेवून, पण काच बंद करून उन्हात नव्हे, कुंपणाची पूर्ण प्रदक्षिणा करावी: तार कुठे सैल आहे, नाल्यापाशी खाली फट आहे का, राखणदाराचा कुत्रा कुठे बांधलाय. पश्चिम महाराष्ट्रात याशिवाय एक गोष्ट पाहावी लागते, जिचा इंग्लंडच्या शेतकऱ्याला विचारही करावा लागत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यात अकोले भागातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या मांसाच्या वजनात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. सहा फुटी जाळी बिबट्याला अडवत नाही. जुन्नर, मुळशी, अकोल्याच्या पट्ट्यात शेत घेतलं असेल तर ऊन असेपर्यंतची वेळ घ्यावी, आणि सूर्य कलायच्या आत कुत्रा गाडीत बसलेला असावा.